एकाच काचेच्या दोघी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे संचालक. डोंगरमाथ्यावरची दुर्बीण सोडून एवढ्या लांब आलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण हा मोठा आरसा घडवला ते वेधशाळेचे प्रमुख. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या अभियंता बाई. ओतकाम, कटाई, घासकाम आणि मोजणी या चारही विभागांतले माझे सोबती. आणि मागच्या दाराशी उभं राहून चहाच्या किटलीवर नजर ठेवलेली मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन शब्द म्हणून उठलेली माणसं किती वेळ उभी राहतात, हे या सभागृहाला नव्याने सांगायला नको. तेव्हा किटली आत्ताच उघडू नका.

या सुंदर गुच्छाबद्दल आभार. फुलं खरी आहेत. मघाशी मी एका पाकळीला नख लावून बघितलं, ते पहिल्या रांगेतल्यांच्या लक्षात आलं असेल. राग मानू नका. सारी नोकरी मोजणीच्या खोलीत गेली, आता हात आपोआप जातो. तुम्ही मला पाठीमागे काय म्हणता तेही मला ठाऊक आहे. पालबाई. एखादा आकडा फारच छान आला की मी म्हणते, माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यावरून पडलेलं नाव. घासकामातल्या एका महाशयांनी तर माझ्या दारावर खडूने पाल काढून ठेवली होती. शेपटी चांगली जमली होती, म्हणून मी ती कित्येक दिवस पुसली नाही.

आता आज पाल चुकचुकायचं काय कारण, असं तुम्ही म्हणाल. आनंदाचा दिवस आहे. सत्कार आहे. पण मला सांगा, माझी नोकरी या महिन्याच्या अखेरीला संपणार, मग समारंभ आजच का? माझा कार्यभार आज सकाळीच का काढून घेतला? आणि माझं भाषण झाल्याबरोबर, चहाच्या आधी, या बाजूच्या हिरव्या कापडाच्या टेबलावर आरशाच्या स्वीकृतिपत्रावर सही व्हायची आहे, ती नेमकी आजच का? बघा, कागद मांडला आहे, पेन उघडून ठेवलं आहे. उघड्या पेनाची शाई वाळते. एवढी घाई कुणाला आहे?

अध्यक्षमहाराज मघाशी माझ्याविषयी फार गोड बोलले. मला त्यांनी संस्थेची आई म्हटलं. मी भरून पावले. पण इतकी वर्षं ते मला नुसतंच बाई म्हणत होते, कधी रागाच्या भरात तेवढंही म्हणत नव्हते. माणूस एकदम आई म्हणायला लागला की समजावं, आता तो काहीतरी पोटात घालायला सांगणार. आईने लेकरांचे अपराध पोटात घालायचेच असतात ना? ते हसताहेत. हसा साहेब, तुमचं हसणं मला आवडतं. त्याच्यावरून मला पुष्कळ कळतं.

आणि हे खोकं. माझ्या विभागाची नवी प्रमुख, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, तिने मघाशी तुमच्यादेखत ही भेट माझ्या हातात दिली. मी ते हातात तोललं. घड्याळ नाही, घड्याळ इतकं लांबोडकं नसतं. तसबीर नाही, तसबीर इतकी जड नसते. देताना ती वाकली आणि माझ्या कानात म्हणाली, "आत्या, बोलणं संपायच्या आधी उघड."

तुम्हाला यात काही वावगं वाटणार नाही. मला वाटलं. कारण ती इथे लागली त्या दिवशी मी तिला बजावलं होतं, फाटकाच्या आत आत्या मेली, इथे मी मॅडम. तिच्या मुलाखतीच्या वेळी मी बाहेर व्हरांड्यात बसून राहिले होते, तरी आत्याने भाचीला चिकटवलं असं म्हणणारे म्हणालेच. तर हा नियम तिने आजवर एकदाही मोडला नाही. आणि आज, या व्यासपीठावर, अचानक आत्या? पाल चुकचुकली. म्हणून खोकं तसंच ठेवलं आहे. तिला जे माझं बोलणं संपायच्या आधी उघडायला हवंय, ते मी बोलून झाल्यावर उघडेन.

पाहुण्यांसाठी आमच्या कामाची थोडी ओळख करून देते. त्यांना ती आहेच, पण त्यांच्या गाडीचे चालकही आत येऊन बसले आहेत, त्यांनी का कंटाळावं?

साध्या काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की पेला तडकतो. कारण आतली काच फुगते आणि बाहेरची अजून गारच असते. तेवढं फुगणं पेल्याला महागात पडतं. दुर्बिणीचा आरसा तडकत नाही, पण दुपारच्या उन्हातून रात्रीच्या गारठ्यात जाताना त्याची पाठ आणि पोट एकसारखं आकसलं नाही, तर आकाशातल्या चांदणीचा नेटका ठिपका फिसकटतो. म्हणून आम्ही अशी काच करतो की ती फुगतही नाही आणि आकसतही नाही. कशी? तिच्यात बारीक स्फटिक असतात, ते तापले की आकसतात. त्यांच्या भोवतीची काच तापली की फुगते. एक फुगतो, एक आकसतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं घरात सगळं शांत आहे. ज्यांनी संसार केला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

हे जमतं भट्टीत. जरा कमी भाजली तर काच फुगरी राहते, जरा जास्त भाजली तर उलटी आकसते. बरोबर भाजली गेली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. रंग कोऱ्या चहासारखा, तो दोन्ही वेळा सारखाच. म्हणून मोजायचं. मोठ्या आरशाच्या कडेची जी पट्टी कापून निघते, तिच्यातून एक दांडी करायची, हाताच्या वितीएवढी. ती नमुनादांडी. तिच्या शेजारी दुसरी दांडी उभी करायची, जुन्या, ओळखीच्या, वर्षानुवर्षं पारखलेल्या काचेची. ती प्रमाणदांडी. दोघींना एका पेटीत बंद करून हळूहळू ऊब द्यायची आणि दोघींच्या उंचीत फरक पडतो का ते बघायचं. फरक पडला की प्रकाशाच्या पट्ट्या सरकतात. जुनीचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे नवीचा कळतो. नव्या सुनेला जुन्या जावेशेजारी उभं करतात, तसंच.

तर गेल्या थंडीत माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मी काही आठवडे घरी. त्याच काळात या मोठ्या आरशाची मोजणी झाली. काठी टेकत मी परत आले तर विभागात आनंदीआनंद. काचेचं फुगणं शून्य आलं होतं. माझ्या टेबलावर आलेख ठेवला होता, शेजारी बेकरीतून आणलेला केक ठेवला होता. मी केक खाल्ला आणि आलेख बघितला.

रेघ सपाट होती. इस्त्री केल्यासारखी.

आता शून्य म्हणजे काय, हे बाहेरच्यांना वाटतं तसं नसतं. चांगल्यातल्या चांगल्या काचेची रेघसुद्धा मध्ये जरा पोट काढते, कडेला जरा मान वाकवते. सरासरी शून्य म्हणजे शून्य. पण ऊब चढत गेली तरी एकदाही अंग न हलवणारी काच? मी जन्मात पाहिली नव्हती. मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मग मी काय काय केलं ते ऐकून तुम्ही पालबाई हे नाव कमीच पडतं म्हणाल. आधी मला यंत्राचा संशय आला. नमुनादांडी काढून तिच्या जागी पितळेची दांडी उभी केली. पट्ट्या अशा धावल्या की मोजता येईनात. म्हणजे यंत्र जागं होतं. मग तापमापकाचा संशय आला. तो पेटीत लावलाय की भिंतीला, हे मी हात घालून चाचपलं. जागच्या जागी होता. परत काच उभी केली. परत सपाट. यंत्र निर्दोष, तापमापक निर्दोष, मग उरलं कोण? माणसं.

सहकारी मित्रहो, मी तुम्हा एकेकावर संशय घेतला. ओतकामाच्या प्रमुखांवर घेतला, कारण ते हल्ली जिन्यावर भेटले की माझ्या गुडघ्याची चौकशी करत आणि उत्तर ऐकून न घेता खाली जात. संचालकांवर घेतला, कारण वेधशाळेला दिलेला शब्द त्यांच्या डोक्यावर होता. आकडे कुणी धुऊन वाळत घातले असतील, असं मी धरून चालले. आमच्या खोलीच्या खिडकीवरची नवी जाळीसुद्धा मला खटकली. तिचा याच्याशी काही संबंध नव्हता, जुनीतून डास येत होते. पण चार दिवस मी त्या जाळीकडे रोखून बघत होते.

उत्तर मिळालं ते खिडकीतच. एका सकाळी दोन्ही दांड्या पुसून मी उन्हात धरल्या. नमुनादांडीत केसाएवढी बुडबुड्यांची रेघ होती, तिरकी, वर जात टोकाशी संपणारी. काचेत असं कधीकधी राहतं. मी सहज दोन्ही दांड्या टोकाला टोक लावून धरल्या. आणि ती रेघ पहिल्या दांडीतून निघून दुसरीत गेली. त्याच तिरकसपणाने, जराही न अडखळता, शेजारच्या खोलीत जावं तशी.

अभियंता बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी लिहिणं थांबवलं आहे.

इतरांसाठी सांगते. दोन्ही दांड्या एकाच काचेच्या होत्या. आरशाच्याच काचेशी आरशाची काच मोजली जात होती. दोघी बरोबर फुगत, दोघी बरोबर आकसत, मग फरक काय दिसणार? ती काच फुग्यासारखी फुगली असती तरी आमच्या पेटीत शून्यच आलं असतं. मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला.

हे कुणी केलं? कटाईच्या दादांनी. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि मी काय बोलणार ते ओळखून त्यांनी मान खाली घातली आहे. दादा, वर बघा. मी तुमच्याकडे चौकशीला आले तेव्हा तुम्ही किती कौतुकाने मला सांगितलंत, की जुन्या दांडीचा टवका उडालेला दिसला, बाई आजारी, बाईंचं काम अडायला नको, म्हणून शिल्लक कडेतून तशीच दुसरी करून ठेवली. मापाला तंतोतंत. रंगाला तंतोतंत. डबीत तिच्याच जागी. तुम्हाला वाटलं मी शाबासकी द्यायला आले आहे. दादा, तुमच्याइतकी नेमकी कापणी करणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्या नेमकेपणाने आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ गेली. जरा वेडीवाकडी कापली असतीत तर त्याच दिवशी कळलं असतं. यात तुमचा काडीचा दोष नाही. डबीवर आतल्या दांडीची ओळख लिहिलेली नव्हती, आणि आम्ही मोजणीवाले डबी उघडून दांडी न ओळखता पेटीत घालतो, हा आमचा दोष आहे.

मग मी संचालकांकडे गेले. साहेब, हे मी बोलले नाही तर माझा सत्कार पूर्ण होणार नाही. मी म्हटलं, आरसा कदाचित चांगला असेल, कदाचित फुगरा असेल, आपल्याला माहीत नाही, पुन्हा मोजू. तुम्ही म्हणालात, आधीचे सगळे आरसे चांगले निघाले, हाही त्याच भट्टीतला. तुम्ही म्हणालात, बाई, साप साप म्हणून भुई धोपटू नका. मी म्हटलं, जुन्या दांडीशी मोजलं असतं आणि फरक आला असता तर? तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं." या संस्थेत आत्याबाई मी एकटीच आहे. मी हसले आणि बाहेर आले. तुमची म्हण बरोबर होती, फक्त मला लागली.

जुनी दांडी हवी होती. ती असती तर जर आणि तर संपलं असतं. तशी दुसरी प्रमाणदांडी परदेशातून यायला सहा-सात महिने लागतात. दादा म्हणाले, टवका उडालेली ती, भंगाराच्या पेटीत टाकली. मी काठी टेकत भंगाराच्या शेडमध्ये गेले. तिथे काचेचे तुकडे, गंजलेले स्क्रू, फुटका पंखा, सगळं होतं, दांडी नव्हती. तिथे झाडणाऱ्या मावशींना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, तुमच्या भाचीबाई येऊन गेल्या की, रुमालात काहीतरी गुंडाळून नेलं.

तुम्ही सगळे तिच्याकडे वळून बघायला लागलात. मी त्या दिवशी काठी टेकत तशीच परत फिरले.

माझी भाची. जिला मी या हातांनी पट्ट्या मोजायला शिकवल्या. लहानपणी ही माझ्या घरी राहायला आली की दूध गरम आहे की नाही ते करंगळी बुडवून बघायची, मी सांगितलेलं खरं मानायची नाही. मी भावाला म्हणायचे, ही माझ्यावर गेली. आणि हिनेच एकुलता एक पुरावा रुमालात गुंडाळून नेला? मी घरी असताना तिने केलेल्या पहिल्या मोठ्या मोजणीला गालबोट लागू नये म्हणून? कुंपणानेच शेत खाल्लं, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं नाही, कारण मी तिला विचारलंच नाही. विचारलं असतं आणि ती खोटं बोलली असती, तर ते मला सहन झालं नसतं. यंत्राला मी रोज विचारते, त्याचं खोटं मला चालतं.

मग संशयाला काय, खायला भरपूर मिळालं. ती रविवारी जेवायला यायची ती बंद झाली. फोन केला की म्हणायची कामात आहे. मोजणीच्या खोलीबाहेरचा लाल दिवा लागलेला असायचा. तो लागला की आत कुणी जायचं नाही, माणसाच्या अंगाच्या उबेनेसुद्धा पट्ट्या हलतात, हा नियम मीच केलेला. मी दार ठोठावलं तर आतून आवाज यायचा, मॅडम, नंतर. एकदा मी त्या दारासमोरच्या बाकावर बसून राहिले. ती बाहेर आली, माझ्याकडे न बघता हात धुवायला निघून गेली. एकदा संचालकांच्या खोलीतून बाहेर पडताना दिसली. दोघं बोलत होते, मला पाहून थांबले. नंतर कळलं, समारंभ आजच घ्या, सहीच्या आधी घ्या, अशी गळ तिनेच घातली होती. मला वाटलं, म्हातारीला एकदाचं हार घालून वाटेला लावायचं आणि निवांत सही करायची. संस्थेची आई, संस्थेची आत्या, सगळ्या एकदम घरी.

पाहुणे महाराज, आता मी जे बोलणार आहे ते कार्यक्रमपत्रिकेत नाही. तुमची क्षमा मागून बोलते.

हिरव्या टेबलावरच्या त्या कागदावर माझ्या भाचीची सही होणार आहे. त्यावर लिहिलं आहे की आरशाची काच मोजली आणि ती शून्य आहे. उद्या आरशाच्या पाठीला धातूचे पाय चिकटवतील. ते एकदा चिकटले की तो आरसा पुन्हा भट्टीत जाऊ शकत नाही. वर नेऊन बसवल्यावर चांदण्या फिसकटल्या तर तुम्ही कागद काढाल आणि त्यावर कुणाचं नाव असेल? दादांचं नाही, साहेबांचं नाही, माझं नाही. मी तर सकाळीच मोकळी झाले. पुढची सारी नोकरी ही मुलगी खोटं शून्य लिहिणारी म्हणून ओळखली जाईल. तिने काहीही केलं असलं, माझ्यापासून काहीही लपवलं असलं, तरी ते मला बघवणार नाही. म्हणून मी या भरल्या सभागृहात सांगते, ती सही घेऊ नका. आणि तुला सांगते, पोरी, करू नकोस.

एक मिनिट. ती उभी राहिली आहे. मागे ऐकू येत नसेल. ती म्हणते आहे, खोकं उघड.

अगं, ही वेळ आहे का खोकी उघडायची? साहेबही म्हणताहेत उघडा. साहेबांना चहा हवा आहे. बरं. कुणी कात्री द्या. नको, सुटली गाठ. हिची गाठ आहे, सुटणारी गाठ मारायला मीच शिकवलं होतं. आत कापूस. कापसात फ्लॅनेलचा तुकडा, आमच्या खोलीतला.

थांबा.

माफ करा, मला चष्मा पुसावा लागेल.

मंडळी, ही जुनी प्रमाणदांडी आहे. हा बघा टवका, खालच्या कोपऱ्यावर, नखाएवढा. नख मी लावून बघितलं, तीच आहे. भंगारात गेलेली, रुमालातून गेलेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे आरशालाच हे कांकण हवं होतं.

बोल. मोठ्याने बोल, दादांपर्यंत जाऊ दे. मी तिचं बोलणं जसंच्या तसं सांगते, कारण तिच्यापाशी ध्वनिक्षेपक नाही. ती म्हणते, टवका खालच्या कडेला आहे, दांडी ज्यावर टेकते आणि ज्यावरून प्रकाश परततो ती दोन्ही तोंडं शाबूत आहेत, म्हणजे दांडी अजून कामाची आहे. ती म्हणते, लाल दिव्यामागे ती हेच मोजत होती. पुन्हा पुन्हा मोजलं. आणि?

"शून्य नाही, आत्या. फुगते."

थोडीशीच फुगते, म्हणते. पण फुगते.

साहेब, आत्याबाईला मिशा फुटल्या. आता काका म्हणायला हरकत नाही.

हसा, हसा. घासकामवाले हसत नाहीत, कारण फुगते म्हणजे अजून भाजायला हवी, आणि भाजली म्हणजे त्यांची सगळी घासाई पहिल्यापासून. मित्रांनो, त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. दारावर हवी तेवढी पाल काढा. पण पाय चिकटलेले नाहीत. आरसा अजून आपल्या हातात आहे.

एकच विचारायचं राहिलं आणि ते मी सगळ्यांसमोरच विचारते, कारण संशय सगळ्यांसमोर घेतला. मला का सांगितलं नाहीस? महिनाभर माझ्या जिवाची काहिली झाली. मी तुला चोर ठरवून बसले होते.

तिने जे उत्तर दिलं ते तुम्ही ऐकलं असेल. नसेल तर पुन्हा सांगते, मला सांगायला आवडेल.

"तू आणि मी एकाच काचेच्या, आत्या. तुला शेजारी घेऊन मोजलं असतं, तर लोकांनी आपल्या दोघींना मिळून शून्यच धरलं असतं."

बरोबर आहे. पालबाईला शंका आली आणि पालबाईच्या भाचीने तिला हवा तो आकडा काढून दिला, असंच म्हणाला असतात तुम्ही. साहेब, तुम्ही तर म्हण तयारच ठेवली असती. म्हणून तिने मला दाराबाहेर ठेवलं, जेवायला येणं टाळलं, आणि पाहुणे समोर असतील, कागदावर सही झालेली नसेल आणि मी बोलत असेन, अशी वेळ साहेबांकडून मागून घेतली. मी सांगायचं ते माझं मी सांगितलं, तिने मोजायचं ते तिचं तिने मोजलं. दोघींचं जुळलं. याला मोजणी म्हणतात. मी शिकवलेलीच गोष्ट, पण ती मला कुणी अशी करून दाखवली नव्हती. पोरी, मी तुझ्यावर संशय घेतला याचं मला दुःख आहे. आणि तू मला तो घेऊ दिलास, याचा मला अभिमान आहे. रविवारी जेवायला ये. दूध गरम असेल, करंगळी बुडवून बघ.

पाहुण्यांनी तो कागद उचलला आणि घडी करून आपल्या बॅगेत ठेवला, बिनसहीचाच. अभियंता बाई भट्टीच्या तारखेविषयी काहीतरी विचारताहेत, ते साहेब सांगतील. साहेबांचा चेहरा उतरला आहे, पण त्यांनी मान हलवली आहे, आणि ती त्यांनी मनापासून हलवली असं मी आज तरी धरून चालते.

आता आवरतं घेते. ज्यांनी गुच्छ बांधला, खुर्च्या मांडल्या, चहा इतका वेळ तापता ठेवला, त्या सगळ्यांचे आभार. दादांचे आभार, त्यांनी टवका उडालेली दांडी फोडून टाकली नाही म्हणून. संचालकांचे आभार, त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही म्हणून. ध्वनिक्षेपकाची कळ त्यांच्या हाताजवळच आहे, ती मी मघापासून बघते आहे. पाहुण्यांचे आभार, की ते एका बाईचं रडगाणं ऐकायला नव्हे तर आरसा न्यायला आले होते, आणि तरी बसून राहिले. माझ्या बोलण्यात कुणाला अधिकउणं वाटलं असेल, जीभ कुठे घसरली असेल, तर मला वडीलधारी समजून ते पोटात घाला. मोजण्यातलं मात्र घालू नका.

चहा आणा. आणि हिरव्या टेबलावरचं ते पेन मी जाताना बरोबर नेते आहे. तुम्हा सर्वांवर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही नेते.